औषधात खंड पडू नये : बीड जिल्ह्यातील फेफरे व मनोविकारांवरील उपचार

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर निघण्याची लगबग सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज, वडवणी या बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातील जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि कोयते, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, बैल, शेळ्या व लहान मुले यांसह पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच ते सहा महिने, त्यांचा मुक्काम उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत असतो. गावात मागे राहतात ती वृद्ध माणसे, काही शाळकरी मुले आणि कुलपे लावलेली घरे.

या प्रवासात जे गावी राहून जाते त्यात पुष्कळदा एक लहानशी पिशवी असते. फेफऱ्यावरील अथवा मनाच्या आजारावरील रोजच्या गोळ्या तिच्यात असतात. कधी गोळ्या संपलेल्या असतात, कधी ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या मुद्दाम ठेवून दिल्या जातात, तर कधी मुकादमाला आजार कळू नये या धास्तीने त्या सोबत घेतल्या जात नाहीत. ताप किंवा खोकल्यावरील औषध चार दिवस चुकले तर सहसा फारसे बिघडत नाही. फेफऱ्याचे औषध एकाएकी थांबले तर मात्र पूर्वीपेक्षाही तीव्र झटके येण्याचा धोका असतो. म्हणून या आजारांमध्ये योग्य औषध लिहून देणे हे अर्धेच काम ठरते. उरलेले अर्धे काम त्या औषधावर वर्षानुवर्षे देखरेख ठेवण्याचे आहे. हे काम मोठ्या शहरातील तज्ज्ञापेक्षा गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाच अधिक चांगले साधू शकते.

प्रश्नाची व्याप्ती

फेफरे, ज्याला वैद्यकशास्त्रात अपस्मार आणि बोलीभाषेत मिरगी, आकडी किंवा फिट म्हणतात, तो मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींमध्ये एकाएकी अनियंत्रित विद्युत्‌प्रवाह उसळतो आणि झटका येतो. हा वेडेपणा नव्हे, तो शिवल्याने लागत नाही आणि बाहेरच्या बाधेशीही त्याचा काही संबंध नाही. भारतात दर हजार लोकांमागे साधारणपणे ५ ते १० जणांना हा विकार असतो, असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९ होती. हे प्रमाण तिला लावले तर जिल्ह्यात फेफऱ्याचे सुमारे १३ ते २६ हजार रुग्ण असावेत, असा अंदाज निघतो. दोन हजार वस्तीच्या गावात १० ते २० रुग्ण असा याचा अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषध नियमित घेतल्यास यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात.

मनोविकारांचे चित्र याहून निराळे नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निम्हान्स’ने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही वारंवारचा दुष्काळ, कर्ज आणि स्थलांतर यांनी ग्रासलेल्या जिल्ह्याने हे आकडे आपल्याला लागू नाहीत असे मानणे धोक्याचे ठरेल.

उपचार गावाजवळ आणण्याचा विचार

मनोविकाराचा रुग्ण म्हणजे मनोरुग्णालय, असे समीकरण फार काळ रूढ होते. राज्यातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालये प्रसिद्ध आहेत. परंतु बीडहून येरवडा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाने दर महिन्याला तेथे जाऊन औषध आणणे अशक्यप्राय होते.

यावर तोडगा शोधण्याचा प्रयत्न १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी झाला. बंगळूरजवळील साकलवारा येथे आणि चंदीगडजवळील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण देण्यात आले. मोजकी औषधे आणि नियमित पाठपुरावा यांच्या बळावर तीव्र मनोविकार व फेफरे यांवरील उपचार खेड्यातही होऊ शकतात, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. त्या अनुभवाच्या पायावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. पुढे कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात संपूर्ण जिल्हा हा घटक मानून तो राबवून पाहण्यात आला आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मनोविकारांबरोबर फेफऱ्यालाही या प्रयत्नांत प्रारंभापासून स्थान मिळाले, कारण दोहोंमध्ये रोजचे औषध, दीर्घकाळचा पाठपुरावा आणि समाजाची भीती या तीन गोष्टी समान आहेत.

बीड जिल्ह्यापुरते पाहिले तर उपचारांची साखळी पुढीलप्रमाणे आहे. गावात आशा कार्यकर्ती, उपकेंद्रात आरोग्यसेविका व समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, त्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये, बीड येथे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. निदान निश्चित करणे आणि अवघड रुग्णाचे औषध ठरवणे हे वरच्या कड्यांचे काम आहे. ठरलेले औषध महिनोन्‌महिने चालू ठेवणे, त्याचे गुणदोष पाहणे आणि वेळीच धोका ओळखणे हे खालच्या कड्यांचे काम आहे.

फेफऱ्यावरील औषधे

एकच झटका आला म्हणून लगेच वर्षानुवर्षांचे औषध सुरू करावयाचे नसते. तापातील आकडी, रक्तातील साखर कमी होणे, दारू अचानक सोडणे किंवा विषबाधा यांमुळेही झटका येऊ शकतो. कारण नसताना पुन्हा झटका आल्यास फेफऱ्याचे निदान केले जाते. झटका पाहिलेल्या माणसाने केलेले वर्णन हा या निदानाचा मुख्य आधार असतो. म्हणून रुग्णासोबत प्रत्यक्षदर्शी नातेवाइकाने येणे, शक्य असल्यास झटक्याचे भ्रमणध्वनीवर चित्रीकरण आणणे, ही मोठी मदत ठरते. डुकरातील फीतकृमीची अंडी दूषित अन्न-पाण्यावाटे पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हे आपल्या देशात फेफऱ्याचे एक ठळक कारण आहे. ही अंडी न धुतलेल्या भाजीपाल्यातूनही पोटात जातात. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीही या रोगापासून सुरक्षित नसते. गावातील शौचालयांचा आणि स्वच्छ पाण्याचा प्रश्न येथे थेट मेंदूच्या आरोग्याशी येऊन भिडतो.

औषधांमध्ये फेनोबार्बिटोन सर्वांत जुने आहे. १९१२ पासून ते वापरात असून अतिशय स्वस्त आहे आणि दिवसातून एकदा, रात्री घेता येते. त्याने गुंगी येते. लहान मुलांमध्ये चिडचिड, चंचलता वाढून अभ्यासावर परिणाम होऊ शकतो. १९३८ पासून वापरात असलेल्या फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, म्हणून दात स्वच्छ ठेवावे लागतात. या औषधाची मात्रा एका मर्यादेनंतर थोडीशी वाढवली तरी रक्तातील प्रमाण झपाट्याने वाढते. चालताना झोक जाणे, एकाची दोन दिसणे आणि डोळ्यांची बुबुळे थरथरणे ही अतिमात्रेची खूण होय. कार्बामाझेपिन थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले तर तत्काळ डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते, कारण क्वचित ही प्रतिक्रिया जिवावर बेतते.

सोडियम व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध आहे. मात्र मुली आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रिया यांना ते शक्यतो देऊ नये, असा आता जगभर दंडक आहे. गरोदरपणी हे औषध पोटात गेल्यास दहापैकी सुमारे एका बालकात जन्मजात व्यंग आढळते आणि दहापैकी तीन ते चार बालकांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. ज्या भागात मुलींची लग्ने लवकर होतात तेथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला औषध निवडतानाच हा विचार करणे अगत्याचे आहे. परंतु दिवस गेल्याचे कळताच स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हेही तितकेच घातक आहे, कारण झटक्याने माता व गर्भ दोघांचाही जीव धोक्यात येतो. औषध बदलावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि शक्यतो गर्भधारणेपूर्वी. फॉलिक ॲसिडची गोळीही आधीपासूनच सुरू करावी लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्यांची गाठ हमखास पडते अशा आणखी दोन गोष्टी आहेत. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या औषधांमुळे संततिप्रतिबंधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. अशा स्त्रीला तांबीसारखे अन्य साधन सुचवले पाहिजे. दुसरी गोष्ट क्षयरोगावरील औषधांची. आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, तर रिफाम्पिसिनमुळे फेफऱ्यावरील अनेक औषधांचे प्रमाण घटते. एकाच रुग्णाचे क्षयाचे कार्ड आणि फेफऱ्याचे कार्ड दोन वेगळ्या टेबलांवर राहिले तर हा धोका कोणाच्याच लक्षात येत नाही.

किमान दोन वर्षे एकही झटका आला नाही तर औषध कमी करण्याचा विचार करता येतो. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो आणि मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावयाची असते.

मनोविकारांवरील औषधे

भास होणे, निराधार संशय, असंबद्ध बोलणे, घर सोडून भटकणे अशी लक्षणे असलेल्या तीव्र मनोविकारांत १९५२ नंतर औषधयुगाला प्रारंभ झाला. क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल आणि पुढे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे आली. गोळ्या नियमित न घेणाऱ्या रुग्णांसाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यावयाची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणे, जीभ ओढली जाणे, डोळे वर फिरणे असे प्रकार घडू शकतात. घरच्यांना वाटते की बाधा पुन्हा उसळली. वास्तविक हा औषधाचा परिणाम असतो आणि एका इंजेक्शनने तो थोड्याच वेळात उतरतो. हे कुटुंबाला आधी सांगितलेले नसेल तर ते कुटुंब पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. अंग ताठरणे व त्यासोबत कडक ताप हे मात्र गंभीर लक्षण होय. अशा वेळी पुढील गोळी न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. ओलान्झापिनने वजन आणि रक्तातील साखर वाढते, म्हणून वजनकाटा व साखरतपासणी हा उपचाराचाच भाग ठरतो.

नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्यांचा गुण दिसण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. या काळात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते सोडून देण्याकडे कल असतो. आत्महत्येचा धोकाही याच काळात अधिक डोळसपणे पाहावा लागतो. बरे वाटू लागल्यानंतरही औषध नऊ ते बारा महिने चालू ठेवणे हितावह असते. झोप येत नाही म्हणून डायझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणे हा नैराश्यावरील उपचार नव्हे. त्यांची सवय जडते आणि त्या अचानक सोडल्या तर झटके येऊ शकतात.

उन्माद व नैराश्य यांचे आलटून पालटून झटके येणाऱ्या विकारात लिथियम उपयोगी पडते. त्याची रक्तातील पातळी नियमित तपासावी लागते. दीर्घ उपचारात ती प्रति लिटर ०.६ ते १.० मिलिमोल या मर्यादेत ठेवतात. त्याबरोबर मूत्रपिंडाची व गलग्रंथीची तपासणी आवश्यक असते. हे औषध ऊसतोड कामगाराच्या बाबतीत विशेष जपून वापरावे लागते. उन्हात घाम गाळणे, पुरेसे पाणी न मिळणे आणि अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेणे या तिन्ही गोष्टींनी लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलटी-जुलाब, बोलणे जड होणे आणि झोक जाणे ही तिची लक्षणे आहेत. तीव्र मनोविकारांवरील काही औषधांमुळे घाम येण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या उन्हात उष्माघाताचा धोकाही वाढतो.

देखरेख म्हणजे काय?

देखरेख म्हटली की महागडी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग साध्या साधनांनी पार पडतो. प्रत्येक भेटीत पाच प्रश्न विचारले गेले पाहिजेत. गेल्या भेटीपासून किती झटके आले, अथवा मूळची लक्षणे किती उरली? किती गोळ्या घेतल्या आणि किती शिल्लक आहेत? गुंगी, पुरळ, थरथर, ताठरपणा, उलटी यांपैकी काही जाणवते काय? इतर कोणती औषधे किंवा दारू चालू आहे काय? स्त्री रुग्ण असल्यास दिवस गेले आहेत काय, अथवा तसा विचार आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अचूक मिळावे म्हणून घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर झटक्याच्या तारखेला खूण करण्याची पद्धत उत्तम आहे. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही ती जमते. उरलेल्या गोळ्या मोजल्या की औषध खरोखर घेतले गेले की नाही हे दोन मिनिटांत कळते. झटके थांबत नाहीत असे दिसताच औषध बदलणे किंवा दुसरे वाढवणे ही घाई होय. गोळ्या चुकल्या आहेत काय आणि मात्रा पुरेशी आहे काय, हे आधी पाहावे लागते. शक्यतो एकच औषध, योग्य मात्रेत, हा या उपचाराचा मूलभूत नियम आहे. औषधाच्या स्वरूपानुसार यकृत, रक्तपेशी, साखर, सोडियम यांच्या तपासण्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात करता येतात.

हंगाम आणि उपचारातील खंड

या सर्व व्यवस्थेची खरी कसोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागते. फडावरील दिनक्रम फेफऱ्याच्या रुग्णाला सर्वार्थाने प्रतिकूल असतो. पहाटेपूर्वी तोडणी सुरू होते, रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते. अपुरी झोप आणि वेळी-अवेळी जेवण यांनी झटका ओढवतो. हातात कोयता असताना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना, चुलीपुढे भाकरी भाजताना किंवा कालव्यावर पाणी भरताना झटका आला तर परिणाम काय होतील हे सांगणे नलगे. त्यातच जोडपे हे मजुरीचे एकक मानले जाते, त्यालाच ‘एक कोयता’ म्हणतात. एक जण आजारी पडला की दोघांचे काम बुडते, खाडा पडतो आणि उचलीचा बोजा वाढतो. आजार लपवण्याची प्रवृत्ती यातूनच बळावते.

यावर उपाय हंगामापूर्वीच योजावे लागतात. फेफऱ्याचे आणि स्थिर झालेल्या मनोविकाराचे जे रुग्ण स्थलांतर करणार आहेत, त्यांची यादी आशा कार्यकर्तीने दसऱ्याआधी तयार करावी. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत्येकाची तपासणी करून शक्य तेथे दिवसातून एकदा अथवा दोनदाच घ्यावे लागेल असे औषध ठरवावे आणि दोन-तीन महिने पुरेल इतका साठा द्यावा. सोबत मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड द्यावे. त्यावर आजार, औषधाचे मूळ नाव, मात्रा, चालू केल्याची तारीख आणि केंद्राचा दूरध्वनी क्रमांक असावा. परक्या गावातील डॉक्टरला या कार्डावरून तेच औषध पुढे चालू ठेवता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात असलेल्या कामगारानेही जवळच्या आरोग्य केंद्राकडे जाण्यास संकोचू नये. कर्नाटकात जाणाऱ्यांना मात्र अधिक साठा आणि दूरध्वनीवरील संपर्क यांची गरज असते.

साठा देताना एक अपवाद कटाक्षाने पाळावा लागतो. ज्या रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार येतात किंवा ज्याने पूर्वी तसा प्रयत्न केला आहे, त्याच्या हाती तीन महिन्यांच्या गोळ्या देणे धोक्याचे आहे. ॲमिट्रिप्टिलिनसारखी काही औषधे एकदम घेतल्यास प्राणघातक ठरतात. अशा रुग्णाला थोडे थोडे औषध द्यावे, ते जबाबदार नातेवाइकाच्या ताब्यात ठेवावे आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राशी आधीच संपर्क साधावा. शक्य असल्यास त्या हंगामात त्याने गावीच राहावे, असे कुटुंबाला समजावून सांगावे.

२०१९ मध्ये जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून या कामगारांच्या आरोग्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. हंगामापूर्वीच्या आरोग्यतपासणीत रक्तदाब व रक्तक्षय यांच्याबरोबर ‘झटके येतात काय?’ आणि ‘मनाच्या आजारावर गोळ्या चालू आहेत काय?’ हे दोन प्रश्न विचारले, तर फारसा खर्च न वाढता पुष्कळ रुग्ण नजरेच्या टप्प्यात येतील.

कायद्याचे पाठबळ

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मे २०१८ पासून अमलात आला. शासकीय यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा या कायद्याने प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत मनोरुग्णांना सर्वकाळ विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे कलम १८ सांगते. ज्या ठिकाणी औषध संपल्याचे वारंवार सांगितले जाते तेथे पंचायत समिती व जिल्हा परिषद सदस्यांनी या तरतुदीकडे लक्ष वेधावे. औषधाची मागणी रुग्णसंख्येवरून वेळेत नोंदवली गेली, तर साठा संपण्याची वेळ सहसा येत नाही.

१९९९ च्या सुधारणेने हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याचा उल्लेख वगळण्यात आला. फेफरे आहे एवढ्या कारणावरून विवाह आता अवैध ठरवता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे, साखळीने बांधणे यांसारखी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. श्रद्धा म्हणून कोणी देवदर्शनाला जात असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. औषधाची पिशवी मात्र सोबत असली पाहिजे.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे कार्य

वर्गात एखादा विद्यार्थी मध्येच काही क्षण टक लावून बसतो, हाक मारली तरी ओ देत नाही आणि लगेच पूर्ववत होतो. तो आळशी असतोच असे नाही. हाही फेफऱ्याचाच एक प्रकार असू शकतो. झटका आल्यास शिक्षकांनी मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा व चप्पल हुंगवू नये, शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आला तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलवावे. झटक्यामुळे मुलाला शाळेतून काढण्याचे काहीही कारण नाही.

नैराश्याच्या संदर्भात शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. त्यात बीडचा समावेश होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन निराश शेतकऱ्याची ओळख पटवावी आणि त्याला समुपदेशन व उपचार मिळवून द्यावेत, ही त्यामागील कल्पना होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध झाली असून तीत मराठीतून बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत, दूध संकलन केंद्रावर आणि टोळी निघते त्या चौकात लिहिलेला असावा. मुकादमांची हंगामापूर्वी बैठक घेऊन, औषध नियमित घेणारा कामगार औषध सोडलेल्या कामगारापेक्षा अधिक भरवशाचा असतो, हे त्यांना पटवून देणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे. अशा कामगाराला रात्रीची भरणी, फळीवरची चढण आणि पाण्याकाठची एकट्याची कामे न देता फडातील इतर काम देता येते.

या आजारांवरील औषधे आज दुर्मीळ नाहीत आणि त्यातील पुष्कळशी महागही नाहीत. रुग्ण आणि औषध यांच्यामध्ये अंतर, अज्ञान, लाज आणि हंगाम उभे राहतात. त्यांपैकी अंतर कमी करण्याचे काम आरोग्य यंत्रणेचे आहे. उरलेली तीन कामे गावाच्या सहकार्याविना होणार नाहीत. पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक गावच्या सरपंचाने, शिक्षकाने आणि आशा कार्यकर्तीने आपल्या यादीतील रुग्णांच्या सामानात औषधाची पिशवी व कार्ड आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. उन्हाळ्यात त्याच टोळ्या परततील तेव्हा ते रुग्ण धडधाकट घरी आलेले दिसतील.